घड्याळपंचाचा अंगठा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं वर काढली. लोक विचारतात, साहेब, कुठली केस डोक्यातून जात नाही? त्यांना वाटतं, आता काहीतरी रक्ताचं निघणार. पण माझ्या डोळ्यांसमोर हटकून येतो तो शिरूर तालुक्यातला बैलगाड्यांचा घाट आणि तिथला एक म्हातारा माणूस. कागदोपत्री ती केस एवढीशी. तिने मला जे दाखवलं, त्याने मात्र मी आजही कधी कधी चहाचा कप उचलताना मध्येच थांबतो आणि स्वतःच्या हाताकडे बघत बसतो. बायको म्हणते, रिटायर झाल्यावर माणसं अशीच होतात.

शर्यतींवरची बंदी उठली होती आणि घाट पुन्हा भरायला लागले होते. मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. ज्यांनी घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. आमच्याकडे घाटात गाडे एकमेकांशी पळत नाहीत, घड्याळाशी पळतात. चढाची एक धाव असते. खाली एक रेघ, वर एक रेघ. एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याला बारी म्हणतात. बैलांनी खालची रेघ ओलांडली की तिथला झेंडापंच झेंडा खाली टाकतो. वरच्या रेघेवरचा घड्याळपंच तो झेंडा बघून घड्याळाचं बटण दाबतो आणि बैल वर पोचले की पुन्हा दाबतो. पडलेला वेळ भोंग्यावरून पुकारला जातो. दिवसभरात ज्याचा वेळ सगळ्यांत कमी, तो घाटाचा राजा. सगळा खेळ दहा-बारा सेकंदांचा. राजा आणि बाकीचे यांच्यात फरक पापणी लवण्याएवढा.

या घाटाचे घड्याळपंच होते आबा. साठी ओलांडलेली, घरची शेवंतीची शेती, डोक्याला टोपी, बोलणं मोजकं. तरुणपणापासून घड्याळ त्यांच्याच हातात. बारीच्या दिवशी ते कुठल्याही गाडामालकाचा चहासुद्धा घेत नसत. पाण्याचा तांब्या घरून आणत. सख्ख्या जावयाचा गाडा पळाला तेव्हा त्याचा वेळ पुकारताना आवाज हलला नाही, असं लोक सांगायचे. बंदोबस्ताला गेलो की मी मुद्दाम त्यांच्या मागे उभा राहायचो. भोंग्यावर "भिर्रर्र" सुरू झालं की आमचे शिपाईसुद्धा उड्या मारायचे. हा माणूस दगडासारखा बसलेला, नजर खाली झेंड्यावर.

त्या वर्षी दौंड तालुक्यातून, कासुर्डीच्या बाजूने, एक बडे गाडामालक आले होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. ऊस, कांदा, सोसायटीत वजन, आणि बैलांवर पोटच्या पोरासारखी माया. त्यांच्या भागात मैदानात गाडे एकदम सोडतात, पुढे कोण ते साऱ्या गावाला दिसतं. घड्याळावर निकाल मानायची सवय तिकडे कमी. आप्पांचा गाडा दोन नंबरला आला. आबांच्या घड्याळात जिंकलेला गाडा अकरा सेकंद चाळीस, आप्पांचा अकरा पंचावन्न. आप्पांनी निकाल मान्य करून बैलांच्या पाठीवर झूल टाकली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाणे अंमलदाराला फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. म्हणाला, "घड्याळवाला इकला गेलाय. त्याच्या घराकडं दोन पिकअप भरून माणसं निघाल्यात. पुढचं तुम्ही बघा." आणि फोन ठेवला. बातमी देणारे दोन प्रकारचे असतात. एकाला भांडण थांबवायचं असतं, दुसऱ्याला ते गाजवायचं असतं. हा कुठला, ते ठरवत बसायला सवड नव्हती. मी गाडी काढायला सांगितली.

आम्ही पोचलो तेव्हा आबांच्या अंगणात चाळीस-पन्नास माणसं. काहींनी शेवंतीचे वाफे तुडवले होते. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि प्रत्येक मोबाइलवर तोच व्हिडिओ. जिंकलेली बारी, कोपऱ्यात पळणारे आकडे. बैलांनी खालची रेघ ओलांडली की आकडे सुरू, वरची ओलांडली की बंद. आकडा अकरा ऐंशी. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, "घड्याळात अकरा चाळीस, खरे अकरा ऐंशी! आप्पांचे अकरा पंचावन्न! मग राजा कोण?"

मी दोन शिव्या हासडल्या, लाठीचा आवाज केला, गर्दी मागे सरली. तेवढ्यात आबाच घरातून बाहेर आले. कुणाकडे न बघता सरळ आमच्या जीपमध्ये जाऊन बसले. त्यांच्या सूनबाई रडत मागे धावल्या तर म्हणाले, "तू घरात जा बाई. मला जाऊं दे."

ठाण्यात आणल्यावर मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. माझी पद्धत होती, आधी चहा, मग प्रश्न. त्यांनी चहाला हात लावला नाही. व्हिडिओ बघून आप्पांनी केलेला फसवणुकीचा अर्ज तोवर येऊन पडला होता. मी व्हिडिओ त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा बघितला आणि मान खाली घातली.

"साहेब, मला आत टाका. माझ्या हातनं चोरी झाली."

मी चमकलो. कबुली मागायला लागते, कधी कधी दिवस जातात. इथे प्रश्न विचारायच्या आत हजर.

"कुणाकडून काय घेतलंत?"

"कुणाचं कायबी न्हाई घेतलं."

"मग चोरी कसली?"

"आकडा खोटा हाय न्हवं? मशीन कशाला खोटं बोलंल? मीच कुटंतरी चोरलं आसंल. कवा, कसं, ते मलाच कळंना." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "इतकी वर्सं घाटात बसलो. म्हंजी इतकी वर्सं मी चोरीच करत व्हतो का?"

मी आयुष्यात शेकडो चोर बघितले. "मी चोर आहे का" असं पोलिसालाच विचारणारा हा पहिला. मी उगाच हवालदारावर ओरडलो की चहा गार का आणला.

पण फरक तर खरा होता. आमच्या ठाण्यात एक महिला शिपाई होती, तिला सगळे ताई म्हणत. मोबाइलच्या कामात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. तिने व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत तपासला. कुठे छेडछाड नाही, म्हणाली. अकरा ऐंशी म्हणजे अकरा ऐंशीच. आता आली का पंचाईत! माणूस खोटा नाही आणि व्हिडिओही खोटा नाही.

ताई ते चित्र पुढे-मागे करत होती आणि मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. बैलांचे पाय रेघेच्या पलीकडे गेलेले, आणि झेंडा अजून वरच. दोन-चार चित्रं पुढे गेल्यावर झेंडा हलायला लागला. मी म्हणालो, "ताई, थांब. मागे घे." पुन्हा तेच. बैल पुढे, झेंडा वर.

आणि मला प्रशिक्षणातले आमचे गाडी शिकवणारे उस्ताद आठवले. ते प्रत्येकाला स्टीअरिंगला हात लावू देण्याआधी एक लाकडी पट्टी घेऊन उभे करायचे. पट्टी वरून ते धरणार. खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेवर, आपण अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. ते न सांगता पट्टी सोडणार, आपण पकडायची. पट्टी सुटलेली दिसते, पकडायचं मनात असतं, तरी ती घसरतेच. जिथे पकडली तिथला आकडा वाचायचा. वीस सेंटिमीटर घसरली तर समजायचं, दिसणं आणि पकडणं यांच्यात सेकंदाचा पाचवा हिस्सा गेला. उस्ताद म्हणायचे, "ह्याला रिॲक्शन टाइम म्हणतात. डोळ्यानं बघितलेलं डोक्याला कळायचं, डोक्यानं ठरवायचं, मग निरोप हातापायाला जायचा. तेवढा वेळ गाडी कुणाचीच नसते, ध्यानात ठेवा."

मी कारकुनाच्या टेबलावरची पट्टी उचलली आणि अख्ख्या ठाण्याला रांगेत उभं केलं. आमचे एक जाडजूड हवालदार म्हणाले, "साहेब, आपल्याला काय, पळता चोर धरलाय आपण." मी पट्टी सोडली. ती त्यांच्या बोटांतून सुटून सरळ फरशीवर. सगळे खो-खो हसले. मग एकेकाची पाळी आली आणि हसू कमी होत गेलं. शून्यावर कुणालाच पकडता येईना. ताईला नाही, पहिलवानकी केलेल्या ड्रायव्हरला नाही. मी पिस्तुलाच्या नेमबाजीत बक्षिसं घेतलेला माणूस. मलाही नाही. डोळे फाडून बघितलं, श्वास रोखला, तरी पट्टी आपली वीतभर खाली. माझ्याच बोटात आणि माझ्याच डोळ्यात एक फट आहे आणि जन्मभर मला तिचा पत्ता नव्हता!

मग घाटाचा हिशोब उलगडला. खाली बैल रेघ ओलांडतात, ते झेंडापंचाला दिसून त्याचा हात हलेपर्यंत एक फट. झेंडा पडलेला आबांना दिसून अंगठा दाबला जाईपर्यंत दुसरी फट. दोन्ही मिळून घड्याळ उशिरा सुरू होतं. बंद मात्र वेळेवर होतं, कारण वरच्या रेघेकडे येणारे बैल आबांना लांबूनच दिसत असतात, अंगठा तयार असतो. म्हणजे घड्याळातला वेळ खऱ्यापेक्षा कमीच येणार. पण तो सगळ्यांचाच कमी येणार. झेंडापंच तोच, आबा तेच. मग जिंकलेल्याचा वेळ व्हिडिओवर मोजायचा आणि आप्पांचा घड्याळावरचा धरायचा, हा कुठला न्याय?

आप्पांच्या बारीचा व्हिडिओ हवा होता. गावच्या यात्रेचं लाइव्ह प्रक्षेपण होतं, पण त्या कॅमेऱ्यात फक्त वरची रेघ दिसत होती. व्हायरल झालेला व्हिडिओ आप्पांच्या पुतण्याने काढलेला निघाला. तिशीचा गडी, कुरकुंभला कंपनीत शिफ्टमध्ये काम, तपासणी खात्यात. त्याला बोलावून घेतलं. पायावर पाय टाकून बसला. "प्रूफ दिलंय साहेब, अजून काय पायजे?"

"मोबाइल कुठे लावला होता?"

तो छताकडे बघत आठवायला लागला. "समोरच्या टेकाडावर... स्टँड लावलेला. दोन्ही रेघा दिसतील आसा."

"किती वाजता लावलास?"

"सकाळी... न्हाई, पूजा झाल्यावर आसंल."

"आणि आप्पांच्या बारीच्या..."

"ती न्हाई काढली साहेब, तवा मी खाली बैलं धरायला व्हतो!"

माझं वाक्य अजून तोंडातच होतं. इतक्या वर्षांत चौकशीच्या खोलीत मी एक गोष्ट शिकलो होतो. खरं उत्तर आठवावं लागतं, त्याला क्षणभर लागतोच. बनवलेलं उत्तर खिशात तयार असतं, प्रश्न दिसला की बाहेर पडतं. हे मी सवयीने वापरत होतो. ती पट्टी आणि ही खोली एकाच गोष्टीची दोन तोंडं आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

मी म्हणालो, "तू बैल धरायला खाली. बरोबर. मग स्टँडवरचा मोबाइल बंद कुणी केला?"

आता मात्र त्याला वेळ लागला. पाय खाली आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

सरकारी पंचांसमक्ष मोबाइल ताब्यात घेतला. पुसून टाकलेल्या फायलींच्या कप्प्यात आप्पांची बारी सापडली, पूर्ण, स्वच्छ. ताईने मोजली. अकरा पंच्याण्णवला एखादा काटा इकडे-तिकडे. त्या दिवशीच्या बाकीच्या बाऱ्याही मोबाइलमध्ये होत्या. तिने एकेक लावली. प्रत्येक बारीत व्हिडिओचा आकडा घड्याळापेक्षा जास्त, आणि जास्त तो जवळजवळ तेवढाच. पहिल्या बारीला जेवढा, उन्हात तापलेल्या दुपारच्या बारीला तेवढा, शेवटच्या बारीलाही तेवढा. ताईने मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाली, "साहेब, हे आबा माणूस आहेत का कोण आहेत?"

पुतण्या रडायला लागला. "मी आधी आमचीच बारी मोजली व्हती साहेब. म्हटलं, घड्याळानं आमचं कमी धरलं का बघू. तर आमचंबी तेवढंच वाढलं. आप्पा घरी येऊन जेवलं न्हाईत. बैलाच्या गळ्यात पडून हमसून रडलं. मला ते बघवंना. म्हनून एकच टाकला, आमचा पुसला. फोनबी मीच केलता. मानसं खरंच निघाली तवा मला घाम फुटला."

चूक ती चूक. अफवा पसरवून जमाव भडकवल्याचा रीतसर गुन्हा नोंदवला. पण आबांचं काय? ते अजून बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसलेले. कागदावर निर्दोष लिहून त्यांच्या जिवातलं निघणार नव्हतं, आणि दोन्ही गावांच्या डोक्यातलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या देवळाच्या सभामंडपात दोन्हीकडची माणसं बोलावली. पुढे आप्पा, एका बाजूला आबा. मी शाळेतली पट्टी मागवली आणि म्हणालो, "ज्याला वाटतं माझा हात डोळ्याबरोबर चालतो, त्याने पुढे यावं." आप्पाच उठले. मिशीला पीळ देऊन बोटं धरली. पट्टी सुटली, बोटांच्या पार खाली. "आरं तिच्या मारी!" आप्पा ओरडले, "पुन्यांदा सोडा." पुन्हा तेच. मग झुंबड उडाली. पहिलवान आले, रांजणगावला मशिनवर काम करणारी कारेगावची पोरं आली, अंगणात शेवंती तुडवणारेही आले. कुणाचा आकडा बारीक, कुणाचा मोठा, आणि एकाच माणसाचा दर खेपेला निराळा. शून्य मात्र कुणाचाच नाही. हळूहळू जो तो खाली बसला. मी घाटाचा हिशोब समजावला, सगळ्या बाऱ्यांचे आकडे वाचून दाखवले.

मग मी आबांना बोलावलं. ते यायला तयार नव्हते. आप्पांनीच हात धरून उठवलं. आबांनी बोटं उघडली, आणि तीच घाटातली नजर पट्टीवर लागली. मी सोडली. त्यांनी पकडली. आकडा कारेगावच्या पोरांपेक्षा मोठा, म्हणजे हात त्यांच्याहून सावकाश. वय झालेलं, होणारच. मी पुन्हा सोडली. तोच आकडा. मुद्दाम बोलता बोलता सोडली, तोच. थोडं थांबवून, कंटाळवून सोडली, तोच. केसभर इकडे-तिकडे. ताई मोठ्याने आकडा वाचत होती आणि दर खेपेला मंडपातून "आऽ" असा आवाज उठत होता. शेवटी तर लोक आकडा तिच्या आधीच म्हणायला लागले. मी वाकून तो अंगठा बघितला. काळा, खरबरीत, नखाशी शेतातली माती. त्या अंगठ्याने आयुष्यभर प्रत्येकाला सारखाच उशीर केला होता. राजा असो, जावई असो, परका असो, प्रत्येकाच्या वाट्याला तेवढाच. मला देवळात उभं असूनही देवळाची आठवण त्याच क्षणी झाली.

आबांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि खालच्या आवाजात विचारलं, "म्हंजी साहेब... मी चोर न्हाई?"

मी काही बोलायच्या आत आप्पा त्यांच्या पायांवर वाकले. एवढा मोठा बागायतदार, फेटा जमिनीला लागला. "आबा, चोर आमच्या घरात निघाला. तुमच्या वाफ्याचं मी बघतो. पन ह्या अंगठ्याला कुनी बोट लावलं तर गाठ माझ्याशी हाय." आबांनी त्यांना उठवलं आणि तिथेच खांबाला टेकून, तोंडावर टोपी धरून, लहान मुलासारखे रडले. आदल्या दुपारपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. ताईने आणलेला चहा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा, गाडामालकाच्या शेजारी बसून, घेतला.

या केसने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सांगतो. आपल्याला वाटतं, आपण बघतो आणि लगेच करतो. तसं नाही. मध्ये एक बारीक जागा आहे आणि ती सगळ्यांना आहे, साहेबाला, हवालदाराला, पहिलवानाला. त्या पन्नास माणसांनी व्हिडिओ बघितला आणि अंगठा पुढे पाठवायच्या बटणावर गेला. तिथे क्षणभर जास्त लागला असता तर पिकअप निघाल्याच नसत्या. पुढे चौकशीत मी घाई सोडली. समोरचा गप्प बसला तर बसू द्यायला लागलो. पण खरं सांगायचं तर शिकवणीपेक्षा नवलच जास्त राहिलं. देवाने माणूस घडवताना डोळा आणि हात यांच्यात एवढीशी फट ठेवली, आणि एक माणूस त्या फटीतही इमानदारीने वागला.

पुढच्या हंगामात त्या घाटात किरणांवर चालणारं, बैलांनी रेघ ओलांडताच आपोआप वेळ धरणारं यंत्र बसलं. आबांनीच यात्रा कमिटीला सांगितलं, "लावा ते. त्याला फट न्हाई. माझ्यामागं कुनी बसंल त्याचा हात कसा आसंल, काय सांगावं?" मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो, शेवटचा बंदोबस्त म्हणून गेलो. आबा वरच्या रेघेजवळ खुर्ची टाकून बसले होते, नुसते पाहुणे म्हणून. बाजूला आप्पा. दोघांत एक तांब्या. खाली गाडा जुंपला, भोंगा सुरू झाला, सगळ्यांचे डोळे बैलांवर. मी मात्र आबांच्या मांडीवरच्या रिकाम्या मुठीकडे बघत होतो. बैलांनी रेघ ओलांडली. यंत्र असूनही रिवाजाने झेंडा पडला. आणि मग, अगदी जरासं नंतर, त्यांचा अंगठा बोटावर दाबला गेला.

मी टोपी सारखी केली आणि उभ्या जागेवरून त्या अंगठ्याला कडक सलाम ठोकला. आप्पांनी वळून विचारलं, "साहेब, कुनाला?" मी म्हणालो, "बारी बघा आप्पा, बारी बघा."